प्रतिसाद: नोटरीचा करार पुरत नाही

'भाड्याच्या घराचा अकरा महिन्यांचा करार नोटरीकडे केला की झालं' हे म्हणणं महाराष्ट्रात चालत नाही. विधीच्या विद्यार्थ्यांनी तरी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 चं कलम 55 मुळातून वाचावं. करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय अटींबद्दल वाद झालाच, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. हे सांगणारं पोटकलम 2 कुणी वाचतच नाही, खरी ताकद तिथे आहे.

खर्चाचा बाऊ नको. मुद्रांक शुल्क 0.25 टक्के: एकूण भाडं अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वार्षिक 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेवर. भाडं 15,000, डिपॉझिट 50,000, मुदत 11 महिने, तर हिशेब सव्वाचारशेच्या आसपास येतो. नोंदणी फी शहरात 1,000, एजंटचे पैसे वेगळे.

तिघं राहणार असाल तर तिघांचीही नावं घाला, आधारवर आहेत तश्शीच. नाव नसलेल्याला पत्त्याचा पुरावा मिळत नाही आणि डिपॉझिटवर हक्क सांगताना तोच अडकतो. ऑनलाइन नोंदणीत अंगठा जुळला नाही तर बोट कोरडं पुसून पुन्हा लावा.

चावी घेतानाच वीजमीटरचं रीडिंग, बाथरूमची ओल, सिंकखालचा फुगलेला प्लायवूड यांचे फोटो मालकाला व्हॉट्सअ‍ॅप करा. डिपॉझिटमधून रंगकामाची कपात किती, तो आकडा करारातच लिहून घ्या.