मदत हवी आहे: स्लॅलम स्कीइंग करताना पाण्याच्या माऱ्याने मागच्या पायाची नडगी ठणकते

नमस्कार मंडळी,

इथे वॉटरस्कीइंग (बोटीला बांधलेल्या दोरीचं हँडल धरून स्कीवर पाण्यावरून घसरत जाणं) करणारे थोडेच असतील, पण असतील त्यांच्यापैकी कुणीतरी हे सोसलेलं असणार, म्हणून विचारते आहे.

गेली दोन वर्षं मी एका स्कीवर, म्हणजे स्लॅलम, करते आहे. डावा पाय पुढे, उजवा मागे. पुढे पूर्ण बूट, मागे नुसता पंजा अडकवायचा पट्टा. वजन ७२ किलो, स्की ६४ इंची. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत बोट ताशी ४६ किलोमीटरने चालत असताना कोर्समधले, म्हणजे ठरलेल्या मार्गावरचे, सहाही बोये (वळसा घालायचे तरंगते गोळे) घेऊन बाहेर पडायचे. मग बोट ४९ ला चालवायला सांगितली, आणि आता ५२. बोये जमताहेत, पण उजव्या पायाचे हाल सुरू झालेत.

होतं असं: बोयाला वळसा घातला, स्की कडेवर टाकली आणि वेकच्या (बोटीमागे उठणाऱ्या लाटांच्या) दिशेने ओढ घेतली की पाण्याचा एक जाड पट्टा उसळतो आणि थेट उजव्या नडगीवर, आतल्या अंगाने बसतो. पावसाचे सपकारे बसावेत तसं नाही, ओल्या दोरखंडाने फटका मारावा तसं. पाण्यात असेपर्यंत फारसं कळत नाही, कारण पाणी गार असतं आणि लक्ष पुढच्या बोयावर असतं. बाहेर आल्यावर चरचरायला लागतं आणि संध्याकाळी ठसठसतं. परवा अंघोळीच्या वेळी नीट बघितलं. घोट्याच्या वर चार बोटं सोडून सुरू झालेला, वीतभर लांबीचा लालसर पट्टा. त्यात बारीक बारीक ठिपके, कडेला निळसर आणि जुन्या माराच्या जागी पिवळट. पँटचं कापड लागलं तरी नकोसं होतं.

खरं तर पाण्यावरचा वेळ किती? कोर्स २५९ मीटरचा. ५२ ला एक फेरी अठरा सेकंदांत संपते. मी दिवसाला आठ फेऱ्या मारते, म्हणजे कोर्समधला वेळ अडीच मिनिटंसुद्धा भरत नाही. तेवढ्यात पायाची ही अवस्था होते, याची मला काळजी वाटते.

करून पाहिलेले उपाय: लायक्राची लेगिंग (काही फरक नाही), फुटबॉलचा शिनगार्ड (दुसऱ्याच फेरीत आत पाणी शिरून घोट्यावर घसरला), क्रेप बँडेज (भिजून जड झालं आणि सुटलं). शिकवणारे म्हणतात, सवय होईल. सवय होण्यासारखी गोष्ट असेल तर मी सोसेन. पण मी काहीतरी चुकीचं करते आहे म्हणून हे होतंय का, हे मला समजून घ्यायचंय. पाय झाकावा, की वेग कमी करावा, की उभं राहण्यातच खोट आहे? मला हा खेळ मनापासून आवडतो आणि तो सोडायचा नाही. कृपया मार्गदर्शन करा.

प्रतिसाद १

निओप्रीनची (वेटसूटच्या रबरी कापडाची) पोटरीबाही घ्या. २ ते ३ मिलिमीटर जाडीची, पायाला चपखल बसणारी. लायक्रा फक्त त्वचा झाकतं, मार शोषत नाही. दोन गोष्टी लक्षात ठेवा. पाणी खालून वर उसळतं, त्यामुळे बाहीची खालची कड घट्ट हवी, नाहीतर तिच्यात पाणी भरतं आणि फुगा होतो. आणि पुढच्या पायालाही घालणार असाल तर ती बुटाच्या आत खोचू नका. बुटाचं बसणं बदलतं, आणि पडल्यावर पाय जसा सुटायला हवा तसा सुटेलच याची खात्री राहत नाही.

प्रतिसाद २

वरचा सल्ला योग्य आहे, बाही घ्याच. पण धागाकर्तीने शेवटी विचारलेला प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे वेग. पाण्याचा मार वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ४६ वरून ५२ म्हणजे वेग साधारण १३ टक्क्यांनी वाढला, पण मार २८ टक्क्यांनी. शिवाय हा झाला बोटीचा वेग. वेक ओलांडताना तुम्ही स्वतः बोटीपेक्षा जोरात जात असता आणि मारही नेमका तेव्हाच बसतो. बायकांच्या स्पर्धेत बोट जास्तीत जास्त ५५ ला चालते. तिथवर जायचं मनात असेल, तर ही गोष्ट आत्ताच सोडवलेली बरी.

आता उभं राहणं. स्की पाण्यावर चालते तेव्हा तिच्या लांबीवर एका ठिकाणी पाणी फुटतं आणि तिथून फवारा निघतो. वजन दोन्ही पायांवर नीट असेल तर ही जागा पुढच्या बुटाच्या आसपास किंवा थोडी पुढे असते, आणि फवारा तुम्हाला चुकवून बाहेर जातो. वजन मागच्या पायावर गेलं की स्कीचं टोक वर उचललं जातं आणि पाणी फुटण्याची जागा मागे सरकते. ती दोन पायांच्या मधे आली की मागची नडगी बरोबर तिच्या वाटेत येते. तुम्ही सांगितलेली जागा, आतली बाजू, घोट्याच्या वर चार बोटं, वाचून माझा पहिला अंदाज हाच आहे.

अंदाजावर थांबू नका. बोटीतल्या माणसाला फोन द्या आणि स्लो मोशनमध्ये चित्रण करायला सांगा. कॅमेरा चेहऱ्यावर नको, गुडघ्याखाली हवा. मग एक एक चित्र पुढे सरकवत बघा, पाणी कुठल्या जागी फुटतंय. ही जागा एकदा दिसली की पुढचा गोंधळ बराच मिटतो. मी स्वतः वर्षभर बूट बदलत बसलो होतो, आणि पाच मिनिटांच्या चित्रणाने कळलं की मी खुर्चीत बसल्यासारखा मागे बसून ओढ घेत होतो.

सुधारणा अशी करा: पुढचा घोटा वाकवा, इतका की नडगी बुटाच्या पुढच्या भागावर टेकल्याचं सतत जाणवलं पाहिजे. कंबर मागे लटकू देऊ नका, ती हँडलच्या दिशेने येऊ द्या. मागचा गुडघा बाहेर उघडा पडत असेल तर तो पुढच्या गुडघ्याच्या मागे, खोबणीत बसवल्यासारखा ठेवा. मधली फट कमी झाली की पाण्याला मागच्या पायावर यायला वाटच कमी मिळते. हे बोये घेताना शिकता येत नाही. काही दिवस ४६ ला या आणि बोये सोडून नुसतं वेकच्या एका बाजूकडून दुसरीकडे जात राहा.

आणि हो, ७२ किलोला ६४ इंच मला थोडी आखूड वाटते. आखूड स्की पाण्यात जास्त बुडते आणि जास्त पाणी उपसते. उत्पादकाचा वजन आणि वेगाचा तक्ता बघा. नवी घ्यायच्या आधी कुणाची तरी ६६ इंची मागून दोन दिवस चालवून पाहा. बाइंडिंग (स्कीवर पाय अडकवायचा बूट-पट्टा) एक भोक पुढे घेऊनही फरक पडतो, पण एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लिहून ठेवा. तिन्ही एकदम बदलल्या तर कशाने काय झालं ते कळणार नाही.

प्रतिसाद ३

मी फिजिओथेरपिस्ट आहे. खेळाचं तंत्र वर आलंच आहे, मी फक्त पायाबद्दल लिहिते.

ताई, आधी दुखणं नक्की कुठलं आहे ते वेगळं करा. बोटाने त्वचेवर हलकं दाबलं तरी दुखत असेल आणि लाली असेल, तर तो वरचा मार आहे. दाबून फारसं काही नाही, पण जिना उतरताना किंवा चवड्यांवर उभं राहताना दुखत असेल, तर तो स्नायूंचा शीण आहे. तो एक ते तीन दिवस राहतो आणि त्याचा पाण्याशी संबंध नाही. पट्ट्याची किंवा बुटाची कड जिथे घासते तिथे सरळ रेषेत दुखत असेल, तर ते घासणं आहे. तिथे व्हॅसलिन चालेल, पण लावल्यावर हात स्वच्छ पुसा, नाहीतर हँडल निसटेल.

वरच्या मारासाठी त्याच दिवशी कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, दोन-तीन वेळा. पहिले दोन दिवस शेक नको आणि काळंनिळं झालेल्या जागी जोराने मालिशही नको. पेनकिलर घेऊन पाण्यात उतरू नका, कारण मग शरीर काय सांगतंय ते कळत नाही. आदल्या दिवशी पाय शेव्ह किंवा वॅक्स केले असतील तर चरचर जास्त होते, तेही बघा.

आणि हे नीट वाचा. एकाच पोटरीला सूज, गरमपणा आणि सततचं दुखणं असेल, किंवा पायाला बधिरपणा, मुंग्या, दगडासारखा ताठरपणा आणि मारापेक्षा कितीतरी जास्त वेदना असतील, तर घरी उपाय करत न बसता लगेच डॉक्टरकडे जा. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर डॉक्टरांशी बोलेपर्यंत थांबा.

एक जास्तीची सूचना, विषय निघालाच आहे म्हणून: निओप्रीनची चड्डी घालत नसाल तर घालायला लागा. वेगात पडताना पाणी दाबाने शरीरात शिरून आतली गंभीर इजा होऊ शकते. बायकांनी हे टाळू नये.

धागाकर्तीचं उत्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. सूज नाही, बधिरपणा नाही, कुठलं औषध चालू नाही. दाबलं की दुखतं, जिना उतरताना नाही, म्हणजे मार वरचाच. चड्डी आहे, बाही मागवली आहे. पाच दिवस पाण्यात उतरणार नाही, तोवर पट्टा फिका पडेल असं वाटतं. मग चित्रण करून इथे सांगते.

धागाकर्तीचं उत्तर (बारा दिवसांनी)

चित्रण केलं. फार वेळ बघावं लागलं नाही. पहिल्या वळणापासूनच स्कीचं टोक हवेत आहे, आणि पाणी पुढच्या बुटाच्या मागे, जवळजवळ एक वीत मागे फुटतंय. ओढ घेताना तो पट्टा उजव्या नडगीवर आदळताना स्वच्छ दिसतो. मागचा गुडघाही दारासारखा उघडा. इतके दिवस मला वाटत होतं की मी पुढे झुकलेली आहे. झुकलेले फक्त खांदे होते, कंबर मागेच होती.

चार दिवस ४६ ला बोये न घेता नुसतं वेक ओलांडत राहिले. बुटावर नडगी टेकवायची, एवढं एकच डोक्यात ठेवलं. चौथ्या दिवशी फवारा निघाल्याचा आवाजच बदलला. आधी पायाशी फाट-फाट असं व्हायचं, आता सलग फाटत गेलेल्या कापडासारखा आवाज बाजूने येतो. बाही घातलेली होती, पण तिच्यावर काही येतच नव्हतं. काल ४९ ला पूर्ण कोर्स केला. पाय आज बरा आहे. ठिपके गेलेत, थोडं पिवळट उरलंय. ६६ इंची स्की अजून मिळालेली नाही, त्यामुळे त्याबद्दल काही सांगता येत नाही.

अडचण एकच राहिली आहे. पहिले चार बोये नीट जातात. पाचव्या-सहाव्याला मला उशीर होतो, घाईत मी परत मागे बसते, आणि तिथे दोनदा तसाच मार बसला. चित्रणात बघितलं तर उशिराची सुरुवात तिसऱ्या बोयापासूनच होतेय, वळण पूर्ण व्हायच्या आत मी हँडल ओढून घेते. तिथे हात लांब ठेवून थांबायचं कसं, यासाठी कुणी एखादा सराव केला असेल तर तो नक्की सांगा. रविवारी परत पाण्यावर आहे.