एअर पिस्टलवरून पॉइंट टू-टूवर येताना राउंड कोणते घ्यावेत?

लोकमान्यनगरची_आई

नमस्कार, मी इंदूरहून. मुलगी कॉलेजात सेकंड इयरला आहे, तीन वर्षं १० मीटर एअर पिस्टल केलं, आता कोच सरांनी २५ मीटर, म्हणजे पॉइंट टू-टूचं (०.२२ इंची गोळीचं) पिस्तूल सुरू करायला सांगितलंय. पिस्तूल सध्या क्लबचंच, जुनी वॉल्थर जीएसपी, पण गोळ्यांचा खर्च आपापला, आणि इथेच माझी गाडी अडून राहिलीये. एअरला पेलेटचा डबा आणला की विषय संपला. इथे स्टँडर्ड व्हेलॉसिटी, हाय व्हेलॉसिटी, पिस्टल मॅच, क्लब, टेनेक्स, नावं ऐकूनच डोकं गरगरतं. एका दुकानात क्लबच्या दादांसोबत चौकशी केली तर दुकानदार म्हणाला हाय व्हेलॉसिटी घ्या, पावर जास्त म्हणजे निशाणा सरळ. रेंजवरची एक सीनियर मुलगी म्हणते सगळ्यात महागडंच घे नाहीतर स्कोअर येणारच नाही. दोघांचं ऐकून मुलगी रडकुंडीला आली, आधीच पहिल्या दिवशी ५० मधले ४ राउंड अडकले तर तिला वाटतंय तिच्याच हाताचा दोष आहे. आमच्या घरात आधी कोणी बंदूक हातात धरलेली नाही, म्हणून विचारतेय. घ्यायचं काय, आणि बघायचं काय?

महू_रेंजवाला

ताई, पहिले मुलीला सांगा की हाताचा दोष नाहीये. ५० मध्ये ४ अडकले तर आधी पिस्तूल आणि गोळी यांचं जमतंय का ते बघायचं, मग हात.

मी बरीच वर्षं महूच्या बाजूला राहिलोय. आर्मी मार्क्समनशिप युनिट, म्हणजे लष्कराचं नेमबाजीचं केंद्र, तिथेच, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये २५ मीटर रॅपिड फायरचं सिल्व्हर आणणारे विजय कुमार तिथेच तयार झाले. ते हेच पॉइंट टू-टू एलआर (लाँग रायफल, हे काडतुसाचं नाव, पिस्तुलातही हेच चालतं). म्हणजे आपल्या घरापासून तासाभराच्या अंतरावर या गोळीने काय करता येतं ते लोकांनी करून दाखवलंय, मुलीला हे नक्की सांगा.

आता गोळी. रिमफायर म्हणजे पेटवणारा मसाला काडतुसाच्या बुडाच्या कडेत, त्या दुमडीत भरलेला असतो, सेंटरफायरसारखी मधोमध वेगळी टोपी नसते. फायरिंग पिन कडेवर आपटते. त्या कडेत मसाला सगळीकडे सारखा पसरला नसेल आणि पिन नेमकी रिकाम्या जागी बसली तर राउंड फुटत नाही. स्वस्त आणि महाग गोळीतला मोठा फरक हाच, की हजार राउंडमध्ये असे किती निघतात आणि एकाचा धक्का दुसऱ्यासारखाच लागतो का.

आणि पावरचं म्हणाल तर २५ मीटरला पावर लागतच नाही. कागदाला भोक पाडायचंय. स्टँडर्ड व्हेलॉसिटीची, म्हणजे साध्या वेगाची, गोळी ४० ग्रेनची, म्हणजे जेमतेम २.६ ग्रॅम, डब्यावर साधारण १०७० ते १०८५ फूट पर सेकंद लिहिलेलं असतं, तोही रायफलच्या लांब नळीतला आकडा. मॅच पिस्तुलाची, म्हणजे स्पर्धेच्या पिस्तुलाची, नळी नियमाने १५३ मिलिमीटरच्या आतच, तिच्यातून वेग अजून कमी. हाय व्हेलॉसिटी साडेबाराशेच्या आसपास. जास्त वेग म्हणजे जास्त धक्का, आणि मुलीच्या इव्हेंटमध्ये दोन भाग, निवांत नेम धरायचा प्रिसिजन आणि झटपट मारायचा रॅपिड, त्या रॅपिडमध्ये ३ सेकंदात हात वर आणून शॉट मारायचाय, ७ सेकंद थांबून पुन्हा तेच. शिवाय जीएसपीसारख्या पिस्तुलाचा बोल्ट (दर शॉटला मागे-पुढे जाणारा भाग) आणि स्प्रिंग स्टँडर्डच्या हिशेबाने बसवलेली असते, तिला रोज हाय व्हेलॉसिटी खाऊ घातली तर उगाच ठोकर बसत राहते. तेव्हा स्टँडर्डच घ्या.

सुदामानगर_शूटर

काकांशी १००% सहमत. मी स्वतः २५ मीटर करते, चार वर्षं झाली. महागड्या गोळीबद्दल बोलते कारण मीही त्यात खूप पैसे घालवलेत.

साधा हिशेब बघा, प्रिसिजनच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं आहे आणि रॅपिडच्या टार्गेटवर १००. बरी स्टँडर्ड गोळी चांगल्या पिस्तुलातून टेकू लावून मारली तर २५ मीटरला पाचही भोकं दहाच्या आत आरामात बसतात. मग टेनेक्ससारखी महागडी गोळी मारून वर्तुळ काही मोठं होत नाही ना. नवीन मुलीचा हात अजून आठ-नऊमध्ये फिरत असणार, तिथे गोळी नाही, ट्रिगर बोलतो, एअरला ५०० ग्रॅमचा ट्रिगर होता आणि इथे कमीत कमी १००० ग्रॅम, दुप्पट, याची सवय व्हायलाच महिने जातात. तेव्हा त्या पैशात जास्त राउंड घ्या, जास्त मारा. सीसीआय स्टँडर्ड, एले स्पोर्ट, एसकेचं स्टँडर्ड प्लस किंवा पिस्टल मॅच, यातलं जे तुमच्या क्लबला नियमित मिळतं त्यातून निवडा. नियमित हा शब्द महत्त्वाचा, आपल्याकडे माल येतो तेव्हा येतो, आणि स्पर्धेच्या महिनाभर आधी गोळी बदलावी लागली तर फार त्रास होतो.

एक नक्की बघा, गोळीचं नाक. गोल नाक मॅगझिनमधून चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला राउंड बसतो त्या जागेत) सरकन जातं. रायफलसाठीच्या काही मॅच गोळ्यांचं नाक चपटं असतं, त्या अर्ध्या रस्त्यात अडकू शकतात. एलेने टेनेक्सचं वेगळं पिस्टल व्हर्जन गोल नाकाचं काढलंय ते याचसाठी. पहिल्या दिवशी मुलीला कोणते राउंड दिले होते ते क्लबमध्ये विचारा, मला राहून राहून तिथेच शंका येतेय.

राऊ_सर्कल

मध्ये बोलतो, पण माझा अनुभव एकदम उलटा आहे. माझ्याकडे लायसन्सवर छोटं पॉइंट टू-टू पिस्तूल आहे, नळी चारेक इंचाची, मॅचचं नाही, साधंच. त्यात स्टँडर्ड घातलं की दर दुसऱ्या मॅगझिनला फुटलेल्या राउंडचं रिकामं खोकं स्लाइडमध्ये (पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागात) उभं अडकतं. हाय व्हेलॉसिटी घातलं की मक्खन. मग स्टँडर्ड चांगलं कसं म्हणता?

महू_रेंजवाला

भाऊ तुमचंही बरोबर आहे, तुमच्या पिस्तुलापुरतं. ही सगळी ब्लोबॅक पिस्तुलं, खोकं मागे ढकललं जातं तेव्हाच स्लाइड मागे येते. तुमच्या छोट्या पिस्तुलाची स्प्रिंग हाय व्हेलॉसिटी धरून बनवलीये, वर नळी आखूड, म्हणजे बारूद पूर्ण जोर लावायच्या आत गोळी बाहेर. स्टँडर्डने स्लाइड पूर्ण मागे जात नाही आणि खोकं बाहेर पडायच्या आधीच ती बंद होते. तुम्ही ४० ग्रेन, तांब्याचा मुलामा असलेली हाय व्हेलॉसिटीच वापरा, मॅन्युअलमध्ये बहुतेक तेच लिहिलेलं असेल. फक्त पिस्तूल नीट साफ आहे ना ते आधी बघा, कारण मळलेल्या चेंबरचीही हीच लक्षणं.

पण हायपर व्हेलॉसिटी म्हणून एक प्रकार येतो, स्टिंगर वगैरे, त्याचं खोकं नेहमीच्या एलआरपेक्षा लांब असतं. मॅच चेंबरमध्ये ते घालायचं नाही, कंपनीच तसं सांगते. आणि टू-टू मॅग्नम हे वेगळंच काडतूस, एलआरच्या पिस्तुलात त्याचा प्रयत्नसुद्धा करायचा नाही.

सुदामानगर_शूटर

ताई, निवड करायची पद्धत सांगते, मी अशीच केली. तीन ब्रँडचे ५०-५० चे डबे घ्या, प्रत्येक डब्यावरचा लॉट नंबर लिहून ठेवा. पिस्तूल साफ करा, मग एका ब्रँडचे पहिले १०-१५ राउंड नुसते मारा, मोजू नका, कारण शिशाच्या गोळीला बाहेरून मेणाचा हात असतो (बोटं चिकट होतात ना, तेच) आणि आधीच्या ब्रँडचं मेण नळीत असतं. त्यानंतर टेकू लावून पाच-पाचचे पाच ग्रुप, म्हणजे पाच भोकं किती जवळजवळ पडतात ते. ग्रुप बघाच, पण त्याच्या आधी बघा की किती अडकले, किती फुटले नाहीत. एक जरी जास्त अडकत असेल तर तो ब्रँड ग्रुप कितीही सुंदर आला तरी बाद. मधूनच राउंड न फुटण्याची धास्ती डोक्यात बसली की मुलं ट्रिगर झटकायला लागतात आणि ती सवय सुटता सुटत नाही, मी हे भोगलंय.

जो पटला त्याचा एकाच लॉटचा जमेल तेवढा साठा क्लबमार्फत घेऊन ठेवा. मे महिन्यात गाडीच्या डिकीत चुकूनही ठेवू नका, कायद्यानेही नाही आणि गोळीच्या दृष्टीनेही नाही, मेण मऊ होतं, धूळ चिकटते, मग सगळा चिखल चेंबरमध्ये. गोळ्यांवर तेलबिल काही मारू नका, मसाल्यापर्यंत झिरपलं तर राउंड मेला.

महू_रेंजवाला

आणि हे मुलीला पाठच करून घ्या. ट्रिगर दाबला आणि फुटला नाही, तर नळी टार्गेटकडेच, ३० सेकंद तरी हलायचं नाही, कधीकधी उशिरा फुटतो. आवाज नेहमीपेक्षा फुसका आला, धक्का लागलाच नाही, तर थांबायचं, रिकामं करायचं, सरांना नळी दाखवायची. गोळी आत अडकलेली असू शकते आणि तिच्या मागून दुसरी मारली तर नळी फुगते. रॅपिडच्या घाईत हे विसरलं जातं, म्हणून आत्तापासून. घरी रिकामं पिस्तूल खटखट करायचं नाही, रिमफायरची पिन चेंबरच्या कडेवर आपटते, डमी राउंड घालूनच, तेही सरांना विचारून. आणि रेंजवर पोह्याचा डबा उघडायचा नाही. शिसं हातावर असतं, मसाल्यातही असतं. आधी साबणाने हात, मग खाणं. लहान वयात शिसं पोटात जाणं फार वाईट.

लोकमान्यनगरची_आई

उशिरा लिहितेय, तीन रविवार गेले यात. सुदामानगरच्या ताई, तुमची शंका खरी निघाली, पहिल्या दिवशी दिलेले राउंड रायफलवाल्या मुलांच्या डब्यातले उरलेले होते, चपट्या नाकाचे. सरांनाही माहीत नव्हतं, कोणीतरी डबा बदलून ठेवला होता. तीन ब्रँड मारून बघितले, सरांनी स्वतः टेकू लावून. एकाचा ग्रुप सगळ्यात छान पण २५ मध्ये २ फुटले नाहीत. सीसीआय स्टँडर्ड आणि एसके पिस्टल मॅच, दोन्हींत एकही अडकला नाही, ग्रुप दहाच्या आत. क्लबला सीसीआय नेहमी येतं म्हणून तेच घेतोय, एकाच लॉटचे हजार सांगून ठेवलेत, क्लबच्याच लॉकरमध्ये राहतील. परवा तिने प्रिसिजनच्या ३० शॉटमध्ये ३०० पैकी २५८ मारले आणि घरी येऊन पहिलं वाक्य, आई एकपण अडकला नाही. काका, ३० सेकंदांचं कागदावर लिहून तिने किट बॅगेत चिकटवलंय. डमी राउंड कुठे मिळतील तेवढं सांगा.

महू_रेंजवाला

२५८ म्हणजे सुरुवातीला फार छान. शाबास सांगा तिला माझ्याकडून. डमी टू-टू एलआर साइजचेच प्लास्टिकचे सांगा, सरांकडे नक्की असतील. रिमफायरचे डमी लवकर खराब होतात, कडेला खड्डा दिसला की बदलायचे.