वेल्डिंगचे टाके घासायला कुठली डिस्क?

गच्चीवरचा_मिस्त्री: १ इंची चौकोनी पाइपचं टेबल करतोय, १६ गेज. वेल्डिंग बाहेरून करून घेतलं, टाके अगदी ढेकळासारखे वर आलेत, घासायचं मात्र मीच करणार. ४ इंची ग्राइंडर आहे, घरात पाच-सहा कटिंग व्हील पडल्यात, त्याच आडव्या धरल्या तर चालतील का? नंतर काळा ऑइलपेंट मारायचाय.

ठिणगी_७: कटिंग व्हील आडवी अजिबात नको!! ती जेमतेम १ मिमी जाड, फक्त धारेवर चालते, बाजूने दाब आला की फुटते आणि ग्राइंडर ११ हजार आरपीएमच्या आसपास फिरत असतो, तुकडा कुठे जाईल सांगता येत नाही. फ्लॅप डिस्क आणा, सँडपेपरच्या पाकळ्या एकावर एक लावलेली असते ती, ६० ग्रिट (खरखरीतपणाचा आकडा, जितका मोठा तितकी बारीक), झिरकोनियाची. साधीपेक्षा महाग पण टिकते.

जुना_फॅब्रिकेटर: फ्लॅप बरोबर आहे, पण ढेकळं असतील तर सगळं तिच्यावरच काढू नका, पाकळ्या झिजून डिस्क लगेच संपेल. आधी डीसी व्हील, ती मध्ये खोलगट असते ती, ६ मिमी जाड. साधारण २०-३० अंशात धरायची आणि फक्त वरचा उंचवटा उतरवायचा, पाइपला टेकू द्यायची नाही, १६ गेज म्हणजे भिंत दीड मिमीच्या जराशीच वर, डीसी ती बघता बघता खाते. उरलेलं फ्लॅपने, जवळजवळ सपाट धरून, हात सारखा हलता ठेवा, एका जागी थांबलात की खड्डा पडतो आणि पाइप निळा पडतो. ऑइलपेंटखाली ८० ग्रिट पुरे, त्याहून गुळगुळीत केलंत तर रंगाला धरायला काही राहत नाही. आणि पायांचे सांधे खालच्या बाजूने घासूच नका, कोण वाकून बघतंय, तिथला टाका घासला की ताकद मात्र जाते.

ठिणगी_७: हो ते पायाचं पटलं. डिस्कवरचा आरपीएम ग्राइंडरपेक्षा जास्त आहे ना तेवढं बघून घ्या. गार्ड काढू नका, गॉगल पाहिजेच, ढगळा शर्ट नको.

गच्चीवरचा_मिस्त्री: मस्त, डीसी एक आणि फ्लॅप दोन आणतो. आतल्या कोपऱ्यात डिस्क शिरत नाहीये, तिथे काय?

जुना_फॅब्रिकेटर: त्रिकोणी कानस. नाहीतर सोडून द्या, प्रायमर मारण्याआधी स्लॅग, म्हणजे टाक्यावर जमलेली काळी खपली, तेवढा चिपिंग हातोडीने झाडा, नाहीतर पावसाळ्यात तिथूनच रंग सुटतो.