'एल्सव्हेअर' बारा वर्षांच्या मुलीला वाचायला देऊ का?

पोळीभाजी

नमस्कार मंडळी. एरवी मी रोमात (म्हणजे नुसती वाचत) असते पण आज अडलंय म्हणून धागा काढतेय. गॅब्रिएल झेविनचं 'एल्सव्हेअर' कुणी कुणी वाचलंय? २००५ चं आहे, टीनएजर मुलांसाठी लिहिलेलं. ही लेखिका मला तिच्या २०२२ च्या त्या व्हिडिओ गेमवाल्या कादंबरीमुळे कळली, मग आधीचं काय काय लिहिलंय ते शोधताना हे हाती लागलं आणि दोन रात्रीत संपवलं, दुसऱ्या दिवशी ऑफिसात डोळे सुजलेले.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लिझ म्हणून एक मुलगी आहे, सोळा पूर्ण व्हायच्या आतच, सायकलवरून चाललेली असताना एक टॅक्सी तिला उडवते आणि न थांबता निघून जाते. लिझ जागी होते ती 'नाइल' नावाच्या जहाजावर, आजूबाजूला बहुतेक सगळी म्हातारी माणसं पायजमे घालून, आणि हिला वाटतं स्वप्न पडलंय. जहाज जिथे लागतं ते एल्सव्हेअर. तिथे वय उलटं चालतं. ज्या वयात गेलात तिथून एकेक वर्ष कमी होत होत तान्हं बाळ व्हायचं आणि मग तुम्हाला नदीत सोडतात, परत पृथ्वीवर जन्माला यायला. म्हणजे ऐंशीच्या माणसाला तिथे ऐंशी वर्षं आणि लिझला जेमतेम पंधरा. बंदरावर तिला घ्यायला आजी येते, जी लिझ जन्मायच्या आधीच कॅन्सरने गेलेली असते, गेली तेव्हा पन्नाशीची, आता दिसते चौतीसची.

आता प्रश्न. माझे बाबा फेब्रुवारीत गेले. लेक सातवीत आहे, आजोबांची एकदम लाडकी. रडली वगैरे नाही फारशी, पण बाबांचा फोन अजून आईच्या ड्रॉवरमध्ये आहे, आई तो रोज रात्री चार्जिंगला लावते (का ते विचारायची माझी हिंमत नाही), आणि ही पोरगी त्यांचं व्हॉट्सॅप उघडून जुने गुलाबाच्या फुलांचे सुप्रभात मेसेज वर वर स्क्रोल करत बसते. तिला हे पुस्तक द्यावं की उगाच खपली निघेल? खरं खरं सांगा.

रिकामटेकडा_इंजिनिअर

वाचलंय. बायकोने जबरदस्तीने वाचायला लावलं. भाषा सोपी, सगळं वर्तमानकाळात चालतं, पटपट होतं. पण माझा एक बेसिक डाऊट आहे तो कुणी क्लिअर करेल का. जितकी वर्षं जगलात तितकीच तिकडे आणि मग परत इकडे, म्हणजे माणसं तीच तीच फिरतायत, बरोबर? मग १९५० ला जगात साधारण अडीचशे कोटी लोक होते आणि २०२२ मध्ये आठशे कोटी झाले, हे वरचे साडेपाचशे कोटी आले कुठून?? आपल्याकडे हा घोळ नाही, चौऱ्याऐंशी लक्ष योनी आहेत, मुंग्यांतून प्रमोशन घेऊन आले म्हणता येतं. हिच्या पुस्तकात कुत्रा मेला तर कुत्राच राहतो आणि कुत्राच होऊन परत येतो.

दुसरं म्हणजे सगळी माणसं अमेरिकन. आपले लोक कुठल्या बंदराला उतरतात याचा पत्ता नाही.

बाकी कुत्र्यांचा भाग भारी आहे, ते मान्य. लिझला तिथे काम मिळतं ते नव्याने मेलेल्या कुत्र्यांना धीर द्यायचं, आणि तिला कुत्र्यांची भाषा उपजतच येते. आमचा मोत्या गेला त्याला चार वर्षं झाली, तेवढी पानं मी दोनदा वाचली, बायकोला सांगितलेलं नाही.

हळद_कुंकू

अहो स्पॉयलर अलर्ट द्यायचा ना वरती!! मी निम्म्यात आहे. आजी येते ते ठीक आहे पण कुत्रे???

पोळीभाजी

सॉरी सॉरी, धाग्यात स्पॉयलर आहेत हो, पुढचं आपापल्या जबाबदारीवर वाचा.

ग्रंथपाल_बाई

मी शाळेची लायब्ररी बघते, पंधराएक वर्षं झाली, त्यामुळे थोडं कडू बोलते, राग मानू नका. पुस्तक चांगलंय, पण मी ते सरसकट हातात देणार नाही. कारण एकच, तिकडचं जग फार गोड करून ठेवलंय. देव नाही, यम नाही, पापपुण्याचा हिशेब मागणारं कुणी नाही. छान घर, आवडीचं काम, समुद्र, आजी गाडी चालवायला शिकवते. तो कर्टिस जेस्ट म्हणून रॉकस्टार आहे, ड्रग्ज घेऊन मेलेला, त्याचं मरण गमतीजमतीत उरकलंय आणि शेवटी तर तो लिझच्या आजीशी लग्न लावून मोकळा! मला हसू आलं खरं, पण माझ्यासमोर नववी-दहावीची मुलं असतात. एखादं पोर आधीच खचलेलं असेल तर त्याला ही जागा सुटकेसारखी वाटू शकते. असं पोर लायब्ररीत येतं तेव्हा पुस्तक तिसऱ्या कपाटात परत ठेवायच्या निमित्ताने तासभर रेंगाळतं, ते मला ओळखता येतं, पण प्रत्येक वेळी येईलच असं नाही.

तुमच्या मुलीचं तसं वाटत नाहीये. तिला आजोबा हवेत, एवढंच. पण दिलंत तर एकटीला देऊ नका, तुम्हीही बाजूला बसून काहीतरी वाचत बसा. आणि चर्चा करायला जाऊ नका. "काय शिकलीस यातून" हे तर विचारूच नका, मुलं त्या प्रश्नाला आमच्यामुळे विटलेली असतात.

ओवेन (लिझचा तिकडचा मित्र) आणि एमिलीचं प्रकरण मात्र मोठ्यांनीसुद्धा वाचावं. हा तरुणपणी गेला, बायको मागे राहिली, हा तिची वाट बघत बघत लहान होत गेला आणि ती आली तेव्हा ती पस्तिशीची नि हा सतरा वर्षांचा पोरगा. दोघं संसार मांडायला बघतात आणि स्वयंपाकघरातच अवघडून जातात. कुणाचीच चूक नाही. हे असं लिहायला जमलं पाहिजे.

चकलीचा_सोऱ्या

ग्रंथपाल ताईंशी अर्धा सहमत. गोड आहे, पण ते ऑब्झर्वेशन डेक विसरलात का तुम्ही? महाबळेश्वरला पॉइंटवर दुर्बीणवाले उभे असतात बघा, पैसे दिले की एक डोळा मिटून प्रतापगड बघायचा, तशाच दुर्बिणी आहेत तिथे, नाणं टाकायचं आणि पृथ्वीवरचं आपलं घर बघायचं. लिझ तिथेच पडीक. आजीकडून पैसे घेते, सकाळी जाते ती बंद होईपर्यंत, नोकरी नाही, मैत्री नाही, नुसतं बघायचं की घरचे आता काय करतायत, मैत्रीण कुणाबरोबर आहे, माझ्याशिवाय यांचं चाललंय कसं. ते मला अजिबात गोड वाटलं नाही. व्यसनच आहे ते.

आणि स्वेटर. बाबांच्या वाढदिवसासाठी तिने स्वेटर घेऊन लपवून ठेवलेला असतो आणि आता तो कुणाला सापडणारच नाही, हे तिला खातं. स्वतः मेली त्यापेक्षा जास्त खातं असं मला वाटलं. मग ती चोरून समुद्राच्या तळाशी त्या विहिरीपाशी जाते, जिथून पृथ्वीवर बोलणं बेकायदेशीर आहे, आणि घरातले सगळे नळ सुरू होतात नि तिचा आवाज पाण्यातून धाकट्या भावाला ऐकू येतो. तो बिचारा चुकीच्या कपाटात शोधतो आणि वर बापाची बोलणी खातो.

हे वाचताना मला आमच्या आजीचा दहावा आठवला. मी तेव्हा नववीत. नदीकाठी भाताचे पिंड मांडलेत, ऊन चढतंय, कावळे समोरच्या बाभळीवर बसलेत पण एक खाली येईल तर शपथ. काका हात जोडून म्हणाले आई तुझ्या नातवंडांची शिक्षणं करू, नाही. आत्या म्हणाली दादांची काळजी घेऊ, नाही. शेताचा वाद मिटवू असंही कुणीतरी बोललं (मिटवला नाही तो अजून). भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. तेवढ्यात माझी आई, जी सासूशी आयुष्यात धड बोलली नव्हती, ती मागून हळूच म्हणाली, "शेजारच्यांचा कुकर नवी रिंग घालून उद्या परत देते." आणि आला हो कावळा. देवाशप्पथ. आता ऊन, भूक, योगायोग काय ते मला कळतं, मी काही अंधश्रद्धाळू नाही, पण आजीने तो कुकर दिवाळीच्या फराळाच्या वेळी आणला होता आणि रिंग गेली म्हणून तो आमच्याकडेच राहिला होता, हे आईशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

लिझचा स्वेटर म्हणजे तो कुकर. झेविनबाईंना दहावा माहीत असायचं कारण नाही, पण नेमकी गोष्ट त्यांना सापडलीय. माणसाचा जीव मोठ्या गोष्टीत अडकत नाही, कुकरात अडकतो. द्या पुस्तक बिनधास्त.

रिकामटेकडा_इंजिनिअर

कुकरला +१. माझ्या साडेपाचशे कोटींचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

सायली_बॉस्टन

हाय, उशिरा बघतेय धागा. लिझचं घर आमच्याच भागातलं, बॉस्टनजवळचं, त्यामुळे माझ्या मुलाने ते वाचलं तेव्हा त्याला फार खरं वाटलं. रस्ता क्रॉस करताना महिनाभर माझा हात धरायचा, तेराव्या वर्षी, मित्रांसमोर!

आमच्याकडे वाद झाला तो टॅक्सीवाल्यावरून. लिझ त्याला दुर्बिणीतून शोधून काढते, आधी भयंकर चिडते, मग बघते तर त्याचंही घर आहे, बायको आहे, लहान मुलगा आहे. आणि हळूहळू ती सोडून देते. माझा मुलगा म्हणे हे चूक आहे, त्याने पोलिसांत जायला पाहिजे होतं, लेखिकेने त्याला फुकट सोडलं. नवरा म्हणाला लिझने सोडलं ते स्वतःसाठी. त्यावर मुलगा म्हणाला ठीक आहे, पण तिच्या आईने सोडलंय का, ते कुठे लिहिलंय? दोघंही माझ्याकडे बघायला लागले आणि मी कढीला फोडणी द्यायला उठले, काय बोलणार.

अजून एक, नावांकडे लक्ष गेलं का कुणाचं? जहाज नाइल, दुसऱ्या भागाचं नाव 'द बुक ऑफ द डेड', सगळं इजिप्तचं. तिकडे मेलेल्यांना नदीपलीकडे पश्चिम काठावर पुरायचे ना, ते. आत कथेत इजिप्त औषधालाही नाही, पण मला आवडलं ते.

शेवट मुलांना त्रास देतो हे मात्र सांगते. लिझ परत लहान होत जाते, वाचायला यायचं ते विसरते, ओवेनला विसरते. माझ्या मुलाला मरण चाललं, विसरणं नाही चाललं. "मग जगून उपयोग काय" म्हणून दोन दिवस फुगला होता. तुमच्या लेकीला ते पान जड जाईल, तेवढं बघा.

ग्रंथपाल_बाई

सायली, विसरण्याचा मुद्दा माझ्याही मनात होता, मांडता आला नाही. आणि सोऱ्या, कुकर वाचून डोळ्यात पाणी आलं, तुमच्या आईंना नमस्कार सांगा. तिसऱ्या कपाटातून खाली आणते पुस्तक, पण माझ्या टेबलावर ठेवीन. मागेल त्याला देईन.

हळद_कुंकू

संपलं काल रात्री. लिझच्या घरची कुत्री शेवटी तिकडे येते हो!!! मला कुणी सांगितलं का नाही आधी, मी आपली पूर्ण पुस्तकभर तिच्याच काळजीत.

पोळीभाजी

सगळ्यांचे आभार, आणि आता गंमत ऐका. मी इथे देऊ की नको करत बसले आणि पोरगीने माझं किंडल उघडून स्वतःच सुरू केलं होतं, मला कळलं तेव्हा निम्म्याच्या पुढे गेलेली. म्हटलं ओरडू नये. ग्रंथपाल ताईंनी सांगितलं तसं बाजूला जाऊन बसले, हातात आपली मेथीची जुडी.

बराच वेळ काही नाही. मग गणिताची वही मागवली. मला वाटलं होमवर्क. वहीच्या मागच्या पानावर काहीतरी मांडत बसली आणि मग म्हणाली, "आई, आजोबा चौऱ्याहत्तरचे होते आणि मी बारा. ते दर वर्षी एक कमी होणार, मी एक जास्त. म्हणजे एकतीस वर्षांनी आम्ही दोघं त्रेचाळीसचे."

मी मेथी निवडतच राहिले. काय बोलावं सुचेना. तुम्ही विसरण्याबद्दल लिहिलंय ते पान अजून यायचंय, ते आलं की बघू.

तर ही उठून आजीकडे गेली, आई नेहमीप्रमाणे फोन चार्जिंगला लावत होती, आणि तिला विचारलं, आजोबांना त्रेचाळीसाव्या वर्षी चष्मा होता का? आईला संदर्भ काहीच माहीत नाही. पण जणू रोजचाच प्रश्न असल्यासारखी म्हणाली, "चष्मा कुठला, तेव्हा मिशी होती. जाड. तुझी आई टोचते टोचते म्हणून ओरडायची, म्हणून काढली." आणि कपाटावरचा अल्बम काढायला स्टूल आण म्हणाली.

मला ती मिशी अजिबात आठवत नव्हती.