मदत हवी आहे: बीएस्सीच्या मुलांचे रिसर्च प्रोजेक्ट, गाईडने नक्की किती सांगायचं?

नमस्कार मंडळी,

सातारा जिल्ह्यात एका तालुक्याच्या कॉलेजात झूऑलॉजी शिकवते. नवीन धोरणामुळे थर्ड इयरला फील्ड प्रोजेक्ट आलाय आणि गाईड म्हणून माझ्याकडे अख्खी एक बॅच आलीय. यूजीच्या, म्हणजे पदवीच्या मुलांकडून कुणी खरंखुरं काम करून घेतलं असेल तर अनुभव हवाय.

एरवी प्रोजेक्ट कसे होतात ते सगळ्यांना माहितीय, सिनियरची फाईल घ्यायची, गावाचं नाव बदलायचं, काळं कव्हर आणि सोनेरी अक्षरं टाकून बाइंडिंग केलं की झालं. मला ते नकोय आणि मुलांनाही नकोय, त्यांना कुणी विचारत नाही एवढंच.

आता एक मुलगी आहे, कोयना खोऱ्यातली, घरी शेती. विषय काय घेतेस विचारलं तर म्हणाली, "मॅडम, आमच्या वड्यात आता खेकडं का घावत न्हाईत?" तिचे आजोबा पहिल्या पावसात रात्री बॅटरी घेऊन जायचे तर घमेलं भरायचं म्हणे. मला इतका आनंद झाला की काय सांगू, इतक्या वर्षांत विद्यार्थ्याने स्वतःहून आणलेला असा प्रश्न क्वचितच बघितलाय.

पण अडचण अशी की "का" चं उत्तर एका सेमिस्टरमध्ये मिळणार नाही. पूर्वी किती खेकडे होते याची कुठे नोंद नाही, आणि कारणं म्हणाल तर शेतातली औषधं, वाळू उपसा, बंधारा, पकडून विकणं, काहीही असू शकतं. विभागात सल्ला मिळाला की सरळ 'ओढ्याच्या पाण्याचे भौतिक-रासायनिक गुणधर्म' देऊन टाका, पीएच आणि ऑक्सिजन काढेल, टेबल होईल. होईल की, पण मग तो तिचा प्रश्न राहिला का? आणि मी काहीच बोलले नाही तर ती महिनाभर भरकटेल, तेही बरोबर नाही.

तर प्रश्न छोटा कसा करायचा की तो तिच्याच हातात राहील? डेटा चुकायला लागला तर लगेच टोकायचं की चुकू द्यायचं? आणि एवढ्या मुलांना आठवड्यात वेळ कसा द्यायचा, लेक्चर्स तर आहेतच.

अजून एक, यूजीसीच्या नियमाप्रमाणे चौथ्या वर्षाच्या ऑनर्स विथ रिसर्चला पहिल्या सहा सेमिस्टरला 75 टक्के लागतात, तिथे प्रोजेक्टला 12 क्रेडिट आहेत. आमच्याकडे चौथं वर्ष नाही, मग अशा मुलांना पुढे कुठे पाठवायचं?

प्रतिसाद

मॅडम, मी बरीच वर्षं पुण्यात यूजीचे प्रोजेक्ट घेतोय. "का" ऐवजी "कुठे" विचारायला लावा. गावाच्या वर, गावाशी आणि शेताच्या खाली अशा ओढ्याच्या तीन जागा तिलाच निवडू द्या, याच का हे मात्र लिहून घ्या. हिवाळ्यानंतर खेकडे फारसे बाहेर दिसत नाहीत, त्यामुळे पकडायच्या भानगडीत न पडता काठावर ठरावीक चौकटीत बिळं मोजायची, तोंडाशी ताजा चिखल असेल तर वेगळी खूण. एक बीळ म्हणजे एक खेकडा नव्हे, पण हे तुम्ही सांगू नका, दुसऱ्या फेरीत तिच्या लक्षात येईल. पाण्यातला ऑक्सिजन विंकलर पद्धतीने काढणार असाल तर तो पकडून ठेवणारी रसायनं, मॅंगनस सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड, ओढ्यावरच घालायला सांगा, नुसती बाटली एसटीतून कॉलेजात आणली तर आकडा बदलतो. इथे मात्र आधीच टोका, कारण गेलेला नमुना परत मिळत नाही. माझा नियम तोच आहे, जे परत करता येतं ते चुकू द्यायचं, जे परत येत नाही तिथे आपण उभं राहायचं.

आजोबांसारख्या चारपाच म्हाताऱ्या माणसांना वेगवेगळं गाठून तेच प्रश्न विचारायला लावा, पण ती माहिती वेगळ्या भागात, मोजणीत मिसळायची नाही.

वेळेचं म्हणाल तर एकेकाला बोलवू नका. आठवड्यात एक तास सगळे एकत्र, प्रत्येकाने कच्ची वही उघडी ठेवायची, पेनाने लिहिलेली, आणि शेजारच्याने प्रश्न विचारायचे. महिन्याभरात मुलंच एकमेकांना पकडायला लागतात.

पुढचं म्हणजे आविष्कार ही विद्यापीठांची संशोधन स्पर्धा आहेच, त्यात यूजीचा गट वेगळा असतो. शिवाय बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीची समर फेलोशिप बघा, दोन महिने शास्त्रज्ञाकडे काम करायला मिळतं आणि शिक्षकांनाही अर्ज करता येतो, तुम्हीही करा. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा यूजीसाठीचा एनआययूएस (नॅशनल इनिशिएटिव्ह ऑन अंडरग्रॅज्युएट सायन्स) कार्यक्रम पण आहे.

धागाकर्ती

सर, खूप खूप आभार, बिळांची कल्पना उद्याच तिच्यापुढे ठेवते, म्हणजे सांगत नाही, ओढ्यावर घेऊन जाते आणि काय मोजता येईल ते तिलाच विचारते. फक्त एक शंका, चौकट किती मोठी घ्यायची? आमचा ओढा अरुंद आहे आणि काठ काही ठिकाणी सरळ उभा आहे.