कोर्ट उठेपर्यंत : शिक्षा झाली पण समाधान झालं नाही, असे तुमचे अनुभव सांगा

मागच्या महिन्यात आमच्या केसचा अपिलाचा निकाल लागला तेव्हापासून नीट झोप नाही. मनात साचलंय ते इथं मोकळं करतो, आणि तुमच्यापैकी ज्यांच्या घरात असं काही झालं असेल त्यांनीही लिहा. लहान असो मोठं असो, कायद्याची भाषा येत नसली तरी चालते.

गाव दारव्हा तालुक्यातलं, जिल्हा यवतमाळ. २०१६ चा ऑक्टोबर, सोयाबीन निघालं होतं, तूर उभी होती आणि रानडुकरांनी नुसता उच्छाद मांडला होता. माझा चुलतभाऊ रात्री जागलीला गेला. आमच्या धुऱ्याला लागून ज्याचं शेत आहे तो माझा बालमित्र, पहिलीपासून एका बाकावर बसलो आम्ही, पोळ्याला दोघांच्या बैलजोड्या तोरणाखाली शेजारी शेजारी उभ्या राहायच्या. त्यानं आकडा टाकून धुऱ्यावरून करंटची उघडी तार सोडली होती आणि कोणालाच सांगितलं नव्हतं. सकाळी काकू शिदोरी घेऊन गेली तेव्हा तिला भाऊ दिसला. बाजूला टॉर्च पडलेली होती, चालूच, सेल उतरून उजेड पिवळा झालेला. काकू अजूनही त्या टॉर्चचंच सांगते, बाकीचं सांगत नाही.

कलम ३०४ अ लागलं, म्हणजे निष्काळजीपणानं मृत्यू. त्यात जास्तीत जास्त दोन वर्षं, किंवा दंड, किंवा दोन्ही. पाच वर्षांनी खालच्या कोर्टानं एक वर्ष दिलं आणि त्याच दिवशी तो जामिनावर घरी आला, कारण अपील करायचं होतं. आता अपिलात ती एक वर्षाची शिक्षा झाली 'कोर्ट उठेपर्यंत', आणि काकूला ५० हजार नुकसानभरपाई. पहिलाच गुन्हा, घरी म्हातारी आई, इतकी वर्षं खटल्याचा ताण सोसला, अशी कारणं लिहिली आहेत. कोर्ट उठेपर्यंत म्हणजे त्यानं संध्याकाळपर्यंत तिथल्या बाकावर बसायचं. तो बसला. मीही बसलो, काय माहीत काहून, पाय निघेना. साडेपाचला शिपायानं खिडक्या लावल्या आणि शिक्षा संपली. मग आमच्या गावाकडं संध्याकाळची एकच एसटी, तिच्यातच तो आणि तिच्यातच मी आणि काकू. काकू खिडकीकडं तोंड करून बसली होती, तिकिटाला पैसे काढले तेव्हा हात थरथरत होता तिचा.

मला त्याला फाशी नको होती. सहा महिने तरी आत राहिला असता तर काकूला वाटलं असतं की आपल्या पोराच्या जिवाची कोणीतरी दखल घेतली.

वर्धा जिल्ह्यातली एक ताई

दादा, वाचून डोळ्यात पाणी आलं. आमचं प्रकरण जीव जाण्याचं नाही, पण रोज थोडं थोडं मरण आहेच. गांधीजींचा जिल्हा म्हणून आमच्याकडं माझ्या जन्माच्या आधीपासून दारूबंदी आहे. आणि गावात हातभट्टी माझ्या घरापासून चौथ्या घरी. आम्ही बचत गटाच्या बाया दोनदा गेलो, नाल्याच्या काठी पुरलेले मोहाच्या सडव्याचे ड्रम उकरले, पालथे केले, पोलीस आले, पंचनामा झाला, गाडीत बसवून त्याला नेलं. संध्याकाळी सात वाजता तो पानठेल्यावर उभा. कोर्टात गेलं की दंड, दंड भरला की नवा ड्रम. दंडाचे पैसे तरी कोणाच्या घरातून जातात, आमच्याच घरातून. माझ्या नवऱ्याच्या मजुरीतूनच त्यानं दंड भरला असं मी धरते.

सगळ्यात जास्त काय लागलं सांगू, त्याची बायको माझी मैत्रीण होती. हळदीकुंकवाला पहिलं बोलावणं तिला असायचं. पहिल्या धाडीनंतर ती मला म्हणाली, "तुम्ही कितीक वेळा पालथं कराल वहिनी, दोन हजारात सुटते आमचं." तिनं धमकी म्हणून नाही म्हटलं, खरं तेच सांगितलं आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला.

मेहकरकडचा एक शेतकरी

आमच्याकडं माणूस नाही मेला, हंगाम मेला. २०२० चा खरीप ज्यांना आठवतो त्यांना सोयाबीनचं काय झालं होतं ते सांगायची गरज नाही. आठ एकरात पेरलं, एकरी ३० किलोची एक बॅग, म्हणजे आठ बॅगा. पाऊस बरोबर झाला होता, ओल चांगली होती, आणि सातव्या दिवशी पाहतो तर तासंच्या तासं मोकळी. बोटानं माती उकरली तर दाणा फुगून सडलेला, दाबला की आंबट वास. कृषी अधिकारी आले, समिती आली, पाहणी करून बियाणं सदोष आहे असं लिहून दिलं. दुबार पेरणीला सोनं गहाण ठेवलं.

मग मी विचारत सुटलो की याला शिक्षा काय होते. बियाणे कायदा १९६६ चा आहे, पहिल्या गुन्ह्याला दंड ५०० रुपयांपर्यंत. परत लिहितो, पाचशे. दुसऱ्यांदा सापडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. १९६६ मध्ये पाचशेला काही किंमत असेल, आज त्यात दोन मजुरांचा दिवस निघत नाही. आणि आमच्या दुकानदाराचं तर ते पाचशेपर्यंतही गेलं नाही, परवाना थोडे दिवस निलंबित झाला आणि दसऱ्याआधी शटर उघडं.

एक सांगून ठेवतो, कोणाच्या कामी येईल: ग्राहक आयोगात जाता येतं. बियाण्याच्या बाबतीत शेतकरी हा ग्राहक आहे हे सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्ये स्पष्ट म्हटलंय. आम्ही तिघंजण गेलो, बॅगचं लेबल, टॅग, पक्कं बिल आणि मूठभर बियाणं जपून ठेवलं होतं म्हणून निभावलं. पैसे काही प्रमाणात मिळाले. पण त्या दुकानदाराच्या पोराच्या लग्नाची पत्रिका घरी आली तेव्हा बाबा म्हणाले, जायचं. उधारीवर खत तोच देतो ना. मी नाही गेलो.

यवतमाळ, काम कोर्टातच आहे

धागा काढणाऱ्या दादांसाठी लिहितो, आणि हे लवकर वाचा.

शिक्षा कमी वाटली म्हणून अपील करायचा हक्क सरकारचा असतो, तुमचा नाही. २००९ च्या शेवटी पीडितांना अपिलाचा हक्क मिळाला पण तो तीनच गोष्टींसाठी: आरोपी सुटला तर, कमी गंभीर कलमाखाली दोषी धरला तर, किंवा भरपाई अपुरी वाटली तर. 'शिक्षा कमी झाली' हे त्यात नाहीच, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानंही तसंच सांगितलं. आमच्या गॅलरीत रडत उभे असलेले लोक मी रोज पाहतो, त्यांना हे निकालाच्या दिवशी कळतं, तोवर कोणी सांगत नाही.

पण दोन रस्ते आहेत. सरकारी वकिलाकडं लेखी अर्ज द्या की सरकारनं शिक्षावाढीसाठी पुढं जावं, अर्जाची पोच घ्या. आणि दुसरं, हायकोर्टात पुनरीक्षण अर्ज, म्हणजे खालच्या कोर्टाचा निकाल पुन्हा तपासून पाहा असा अर्ज, काकूच्या नावानं करता येतो, पुनरीक्षणात हायकोर्ट शिक्षा वाढवू शकतं. त्याला मुदत ९० दिवसांची. तुम्ही मागचा महिना म्हणता म्हणजे वेळ आहे. निकालाची प्रमाणित नक्कल आजच मागा. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणात जा, महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

आधार हवा असेल तर २०१५ चा सौरभ बक्षी हा सुप्रीम कोर्टाचा निकाल वकिलाला दाखवा. पंजाबातला अपघात, दोन जीव गेले होते, हायकोर्टानं एका वर्षाची शिक्षा भोगलेल्या २४ दिवसांवर आणली होती, भरपाई दिली म्हणून. सुप्रीम कोर्टानं ती सहा महिने केली. पैसे दिले की शिक्षा संपली, असं होत नाही, हाच त्याचा गाभा आहे.

आणि हो, १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत हीच शिक्षा पाच वर्षांपर्यंत गेली आहे. तुमचा गुन्हा २०१६ चा असल्यानं त्याला जुनीच दोन वर्षांची मर्यादा लागते.

हिंगणघाटजवळच्या गावातली, आता नागपूरला नोकरी

मी लिहू की नको असा विचार दोन दिवस केला. ३ फेब्रुवारी २०२० ला हिंगणघाटात आमच्या एका शिक्षिका ताईला भर रस्त्यात पेटवलं ते सगळ्यांना माहीत आहे. ती गेली १० फेब्रुवारीला आणि बरोबर दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी २०२२ ला, आरोपीला जन्मठेप झाली. मी ओळखत नव्हते तिला, पण मी रोज त्याच गावाला कॉलेजला यायचे, बसमधून उतरून पायी. त्या आठवड्यात आमच्या बसमध्ये एकही पोरगी एकटी बसत नव्हती, ड्रायव्हर काका आमच्या स्टॉपवर सगळ्या चढेपर्यंत थांबायचे.

निकालाच्या दिवशी आम्ही पाच मैत्रिणी फोनवर भांडलो. तिघी म्हणत होत्या फाशीच पाहिजे होती, जन्मठेप म्हणजे काही वर्षांनी बाहेर. मी म्हणाले दोन वर्षांत निकाल लागला हेच आपल्याकडं खूप आहे. एकीनं मला विचारलं, "तुझी बहीण असती तर?" त्यावर मी गप्प झाले आणि त्यानंतर ती मैत्रीण माझ्याशी वर्षभर बोलली नाही. आज मला वाटतं की आम्ही दोघीही भ्यालो होतो, आणि आरोपीवर राग काढता येत नव्हता म्हणून एकमेकींवर काढला.

दादा, तुमच्या मित्राचं वाचून तेच आठवलं.

ब्रह्मपुरी भागातून, नाव नको

मी दुसऱ्या बाजूचा आहे, शिव्या द्यायच्या तर द्या. माझ्या लहान भावाच्या हातून भांडणात गावातल्याच एका पोट्ट्याचं डोकं फुटलं होतं, १४ टाके. भाऊ तेव्हा १९ वर्षांचा. कोर्टानं जेलमध्ये न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडलं, १९५८ चा परिवीक्षा कायदा आहे त्याखाली. आज भाऊ धानाची मळणी मशीन चालवतो, दारूला हात लावत नाही, दोन लेकरं आहेत. जेलमध्ये गेला असता तर काय होऊन आला असता ते मला माहीत आहे, आमच्या ओळखीचा एक गेला होता.

पण एक गोष्ट मनात सलते म्हणून लिहितोय. केस चालू असताना आम्हाला त्या पोट्ट्याच्या घरी जाऊन माफी मागायची होती. आई तर निघालीच होती, पदरात नारळ बांधून. वकिलानं अडवलं, म्हणे माफी मागितली म्हणजे कबूल केल्यासारखं होईल. आम्ही सहा वर्षं त्यांच्या दारावरून मान खाली घालून गेलो आणि त्यांना वाटत राहिलं की यांना काहीच वाटत नाही. निकाल लागला तोवर त्या पोट्ट्याचे बाबा वारले होते. शेवटी आई गेली, तर त्याची आजी म्हणाली, "आता कायले आली, माह्या लेकाले पाह्यजे होतं हे."

दादा, तुमच्या मित्राला मी चांगलं म्हणत नाही. पण तो तुमच्याकडं माफी मागायला आला नसेल, तर का ते एकदा विचारून पाहा.

धागा काढणारा

सगळ्यांचं वाचलं, काकूलाही वाचून दाखवलं. वर्ध्याच्या ताईंचं ऐकून ती म्हणाली, त्या बाईचं नाव काय, मी बोलते तिच्याशी.

ब्रह्मपुरीच्या भाऊ, तुम्हाला शिवी कोण देणार. खरं सांगतो, तुमचं वाचून मी रात्रभर जागा होतो. तो तेरवीलाही आला नव्हता आणि त्याचाच राग मी इतकी वर्षं धरून बसलो होतो, तारेपेक्षा जास्त. काल सकाळी धुऱ्यावर गेलो. तो तूर पाहत होता. नऊ वर्षांत पहिल्यांदा मी त्याला हाक मारली. विचारलं, "काहून नाई आला बे तू तेव्हा?" बराच वेळ खाली पाहत होता. मग म्हणाला, "मले वाटलं तुम्ही मले मारान. आन् वकील म्हने जाऊ नको." मग म्हणाला, "रोज रात्री टॉर्च दिसते मले." त्याला टॉर्चचं कोणी सांगितलं होतं मला माहीत नाही. बहुतेक पंचनाम्यात होतं.

मला त्याची दया आली आणि त्याच वेळी भाऊ डोळ्यासमोर आला, आणि दोन्ही एकत्र कसं धरायचं ते मला जमत नाही. मी त्याला सांगून आलो की मी पुढं जाणार आहे, हायकोर्टात, आणि हे तुझ्या तोंडावर सांगतो, मागून कळायला नको. त्यानं मान हलवली. धुऱ्यावर आता त्यानं सोलरवालं झटका मशीन लावलंय, नुसता झटका देऊन जनावर हाकलणारं, पिवळी पाटी लावून. काकू तरीही तिकडून जात नाही, नाल्याकडून वळसा घालून जाते, एक किलोमीटर जास्त पडतं.

कोर्टातल्या भाऊंनी सांगितलं तसं नकलेचा अर्ज काल दिला. आज ३७ वा दिवस आहे. सोमवारी विधी सेवाच्या ऑफिसात जायचंय, काकू पण येते म्हणते. तिनं भावाचा फोटो आणि ५० हजाराची ऑर्डर एकाच पिशवीत ठेवली आहे, फोटो वर. तिथं आणखी कोणते कागद लागतात ते कोणाला माहीत असेल तर रविवारपर्यंत सांगा.