जुनी ई-क्लास १४ लाखांत: चोपड्यात राहून घ्यावी का?

चोपडा_कृषी

रामराम मंडळी. माझं चोपड्याला बियाणं-खताचं दुकान आहे. दारात डिझायर आहे, ती राहणारच, शेतात न् गोडाऊनला तीच पळते. दुसरी गाडी बघतोय, पंधराच्या आत, आणि या वेळी मोठी सेडान घ्यायची असं मनाने घेतलंय.

दोन गाड्यांपर्यंत आलोय. एक जळगावच्या एका डॉक्टरांची मर्सिडीज ई २५० सीडीआय, २०१४ ची, एमएच १९, सेकंड ओनर, मीटर ९४ हजार. मागणं १४ लाख. दुसरी सुरतच्या एका डीलरकडची बीएमडब्ल्यू ५२० डी, २०१५, दिल्ली पासिंग, मीटर फक्त ६१ हजार. साडेअकराला देतो म्हणतोय. फोटोत तरी दुसरीच जास्त चकाचक दिसते.

वापर सांगतो. सासर नाशिक, पोरगी पुण्याला शिकायला, कंपन्यांच्या डीलर मीटिंगा इंदूर नाहीतर संभाजीनगरला. म्हणजे हायवे भरपूर. पण निघताना आणि परतताना आपले रस्ते आहेतच.

बायको तयार आहे, वडील नाहीत. त्यांचं म्हणणं, "आपला धंदा उधारीचा. कापूस विकल्याशिवाय शेतकरी पैसे देत नाही, आणि तू दारात मर्सिडीज लावली तर विकल्यावरही देणार नाही. म्हणतील, शेठले काय कमी शे?"

याला माझ्याकडे उत्तर नाही. निदान गाडीचं गणित तरी नीट समजून घेऊ म्हणून विचारतोय. वर्षाचा खरा खर्च किती धरायचा? या दोघींत कोणती? त्याच पैशात नवी क्रेटा येते हे सगळे पाहुणे सांगून झालेत, कृपया ते सोडून बोला.

धुळे_१८

इनोव्हा क्रिस्टा घे. साक्री असो का शिरपूर, कोणत्याही गॅरेजला खोलतात, आणि विकायला काढली तर संध्याकाळपर्यंत गिऱ्हाईक. सेडान नाही हे मला माहीत आहे. तरी क्रिस्टा घे.

केळीबाग_सावदा

चोपडेकर भाऊ, मी तुमच्याच रस्त्यावरचा, सावद्याचा. केळीचा व्यापार. माझ्याकडे हीच गाडी आहे, २०१३ ची ई २५०, सेकंड हँडच घेतलेली, अजून वापरतोय. त्यामुळे लांबण लागणार, चहा घेऊन बसा.

आधी ती दिल्लीवाली बाजूला ठेवा. दिल्लीत डिझेल गाडीला दहा वर्षांची मर्यादा आली तेव्हापासून तिथल्या मोठ्या डिझेल गाड्या मुदत जवळ आली की पडेल भावात बाहेर निघतात. तिची एनओसी म्हणजे तिकडच्या आरटीओचा ना-हरकत दाखला, इकडचं पासिंग, महाराष्ट्राचा रोड टॅक्स, हे सगळं तुमच्या डोक्यावर. एमएच १९ ची पाटी लागेपर्यंत साडेअकराची गाडी डॉक्टरांच्या भावाच्या जवळ जाते. शिवाय ती कोणी, कशी चालवली हे विचारायला तुम्ही दिल्लीला जाणार का? डॉक्टरांचा ड्रायव्हर जळगावातच आहे. त्याला एकट्याला गाठा आणि चहा पाजा. मालकाला आठवत नाही ते त्याला आठवतं.

आता रस्ता. नावाला अंकलेश्वर–बऱ्हाणपूर महामार्ग, पण चोपडा, अडावद, किनगाव, यावल असं येताना गतिरोधक किती न् कोणत्या मापाचे, हे तुम्हाला सांगायला नको. एकटे असलात तर गाडी तिरकी घालून निघते. मागे तीन माणसं आणि डिकीत सामान असलं की पोट घासतंच. माझी यावलच्या अलीकडे अशी घासली की खालचं कव्हर लोंबायला लागलं. तारेने बांधून घरी आणलं. इंजिन ऑइलचं चेंबर वाचलं हेच खूप. म्हणून डॉक्टरांची गाडी रॅम्पवर चढवून खालून बघा, वरून पॉलिश सगळेच मारतात.

टायरचंही तसंच. ५२० डी ला रनफ्लॅट टायर येतात, स्टेपनी नसते. हवा गेली तरी साधारण ८० किलोमीटर, ८० च्या वेगाने जाता येतं, ही सोय हायवेवर चांगली. पण खड्ड्यात टायरची बाजूच चिरली तर रात्री राहुड घाटात त्या मापाचा टायर कोण आणून देणार? ई-क्लासच्या डिकीत बारीक का होईना स्टेपनी येते. तुमच्यावाल्या गाडीत ती जागेवर आहे का तेवढं बघा, जुन्या गाड्यांतून ती गायब झालेली असते.

वर्कशॉप हा खरा मुद्दा. जळगावात चांगले मेकॅनिक आहेत, ऑइल-फिल्टर, ब्रेक पॅड, एसीचा गॅस सगळं होतं. पण इलेक्ट्रॉनिक्सचं काही निघालं की नाशिक, संभाजीनगर नाहीतर इंदूर. एक दिवस जाण्यात, कधी कधी गाडी तिथेच मुक्कामी, आणि तुम्ही एसटीने परत. पेरणीच्या तोंडावर असं झालं तर दुकान कोण बघणार? दारात डिझायर राहणार म्हणताय म्हणूनच मी "बघा" म्हणतोय. ही एकच गाडी असती तर सरळ नको म्हटलं असतं.

ऊन विसरू नका. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा उघड्यावर उभ्या गाडीतलं रबर आणि प्लॅस्टिक लवकर कडक होतं. कुलंटच्या पाइपांचे प्लॅस्टिकचे जोड, दारांची रबरं, डॅशबोर्ड, सगळं. पत्र्याची का होईना शेड करा, पण खताच्या गोडाऊनला चिकटून नको. ओल धरलेलं खत लोखंड खातं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. उंदरांनी वायरिंग कुरतडलं तर मोठ्या गाडीत त्याचं बिल मोठं येतं, तिथे सल्फासची गोळी उपयोगाची नाही.

खर्च. मी टायर, सर्व्हिस, विमा आणि किरकोळ दुरुस्ती धरून वर्षाला सव्वा ते दीड लाख बाजूला काढतो. डिझेल वेगळं. हायवेला १४ च्या आसपास ॲव्हरेज पडतं. एखादं वर्ष लाखाच्या आत निघतं, मग पुढचं वर्ष मागचंही वसूल करतं. म्हणून १४ ची गाडी १४ ला घेऊ नका. तुमच्या पंधरातले दोन खात्यात राहिले पाहिजेत, म्हणजे ही गाडी १३ च्या वर नको.

मिळतं काय, तेही सांगतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मी रडतोय. धुळ्याच्या पुढे नाशिक रोडला लागलात की २१४३ सीसीचं ते इंजिन २०४ घोडे आणि ५०० न्यूटनमीटर ओढ असं काही काढतं की ट्रक कधी मागे पडला कळत नाही. मागच्या सीटवर माझी आई मालेगाव ते चांदवड झोपते, आणि ती कोणत्याही गाडीत झोपणारी बाई नाही.

एक गंमत. हिचा गिअर खाली नाही, स्टिअरिंगच्या उजव्या हाताला दांडी आहे, आणि इंडिकेटर डावीकडे. डिझायरची सवय असलेला माणूस उजवीकडे इंडिकेटर द्यायला जातो आणि चालती गाडी न्यूट्रलला टाकतो. पहिले काही दिवस तुम्हीच चालवा, पुतण्याला देऊ नका.

वडिलांचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. मी गाडी घेतली त्या साली केळीचा भाव पडला, तर लोक गाडीकडे बोट दाखवून म्हणायचे, आमच्या घडातून काढली. २०१० ला औरंगाबादकरांनी एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्याची बातमी झाली, तेव्हापासून आपल्याकडेही "एक तरी पाहिजे" अशी हवा आहे. पण तिथले उद्योजक न् तुम्ही-आम्ही यात फरक आहे, आपलं गिऱ्हाईक समोर ओट्यावर बसलेलं असतं. आणि आखाजीनंतरच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरच्या लग्नांत नवरदेवासाठी गाडी मागायला अख्खं गाव येईल. नाही म्हटलं तर भाऊबंदकी, हो म्हटलं तर सीटवर हळद.

स्कॅनरवाला

मूळ भुसावळ, आता नाशिकला अंबडमध्ये याच गाड्यांचं काम करतो. वरच्या भाऊंनी वापरणाऱ्याचं सगळं सांगितलं, मी बॉनेटखालचं सांगतो.

ई २५० चं इंजिन ओएम ६५१. सुरुवातीच्या गाड्यांत डिझेल फवारणाऱ्या नोझलची तक्रार जगभर गाजली होती, २०१४ च्या गाडीत ती भीती धरू नका. टायमिंग चेन, म्हणजे इंजिनच्या झडपा वेळेवर उघडणारी साखळी, मात्र इंजिनच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सकडे आहे. ती बदलायची म्हणजे मोठी खोलाखोल, चेनपेक्षा मजुरी जड. ५२० डी मध्येही चेन मागेच, आणि तिच्या आधीच्या एन ४७ इंजिनाची चेन तर बदनामच आहे. त्यामुळे दोन्ही गाड्यांत पहिलं काम एकच: सकाळी थंड गाडी चालू करून ऐकायचं. मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा, मी येईपर्यंत सेल मारू नका. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवा, कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी परत जा. सेल मारल्यावर मागून साखळी ओढल्यासारखी खरखर आली आणि दोन-चार सेकंदांत गेली, तरी चेन बदलायला आलीच असं धरा.

मीटरचं. काटा मागे घेणारे डॅशबोर्डचा आकडा बदलतात, पण किलोमीटर गाडीतल्या दुसऱ्या मॉड्यूलमध्येही नोंदलेले असतात. कंपनीचा स्कॅनर लावला की आकडे जुळतात की नाही ते दिसतं. त्याहून सोपं म्हणजे चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिस हिस्ट्री काढायची, मालकाने बरोबर येऊन मागितली की अडचण येत नाही. गिअर ऑइल बदलल्याचं बिल आहे का ते खास बघा. "याला लाइफटाइम असतं साहेब" असं कोणी म्हणालं तर बदललेलं नाही असं समजा.

आणि ट्रायल दुपारी घ्या. एसी फुल, तासभर, त्यात गर्दीही आली पाहिजे. सकाळी सगळ्यांचे एसी थंड असतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, मुळाशी चिखलाची रेघ दिसली तर गाडी पुरात बसलेली आहे. डिसेंबर २०१५ च्या चेन्नईच्या पुरानंतर भिजलेल्या गाड्या धुऊन-पुसून विकायला निघाल्या होत्या. दिल्ली पासिंग सुरतेला उभी असेल तर मधला प्रवास कोणी बघितलाय?

टायरवर शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही भरलेली असो, सहा-सात वर्षं झालेला टायर बदलायचाच, आणि ते पैसे सौद्यातून कापा.

तापीकाठ

विम्याची न् आरटीओची कामं करतो म्हणून थोडक्यात. आरसी डॉक्टरांच्या नावावर आहे की हॉस्पिटलच्या? हॉस्पिटलच्या असेल तर सही-शिक्का, लेटरहेड सगळं लागेल. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०, ई-चलन बाकी आहेत का तेही आधी बघा.

विमा नावावर करायला १४ दिवस असतात. डॉक्टरांचा नो क्लेम बोनस त्यांच्याकडेच राहतो, तो गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे त्यांच्या पॉलिसीवरचा हप्ता बघून तुमचा अंदाज बांधू नका. इतक्या जुन्या गाडीला झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारा विमा, बहुतेक कंपन्या देत नाहीत, म्हणजे बंपर फुटला तर निम्मं बिल तुमचंच. कर्जालाही बँका नाक मुरडतात, रोखीनेच बघा.

नोंदणी २०२९ ला संपते. पुढे फिटनेस, ग्रीन टॅक्स. तेव्हा डिझेलचे नियम काय असतील ते असोत, विकताना गिऱ्हाईक हे धरूनच भाव पाडणार.

चोपडा_कृषी

सगळ्यांचे आभार. सुरतच्या डीलरला चेसिस नंबर मागितला, तर म्हणाला आधी टोकन टाका. विषय संपला.

डॉक्टरांची गाडी सकाळी सातला बघितली. बॉनेट गार होतं, आवाज काही आला नाही. ड्रायव्हर भेटला. त्याने न विचारता सांगितलं की मागचा उजवा शॉकॲब्सॉर्बर तेल गळून ओला आहे आणि साहेबांनी तो बदलणं लांबवलंय. खाली चेंबरजवळचं कव्हर एका बाजूने चेपलेलं आहे. दोन टायर २०१७ चे. स्टेपनी आहे. हे सगळं डॉक्टरांसमोर मांडलं तर १३ वीसवर आले. नाशिकला स्कॅन करून हिस्ट्री काढायला तेही यायला तयार आहेत.

वडिलांना अजून सांगितलेलं नाही. एक विचार असाही आहे की गाडी शालकाकडे जळगावला ठेवायची आणि नाशिक-पुण्याला जाताना तिथून उचलायची.

केळीबाग_सावदा

शालकाकडे ठेवलेली गाडी शालकाचीच होते, तो विचार सोडा. आणि चोपड्याला कळायला आठ दिवसही लागणार नाहीत. वडिलांना नाशिकला बरोबर न्या, मागे बसवा, काही बोलू नका. नाही पटलं तर नाही, पण चोरून आणू नका. उधारीची वही अजून त्यांच्या हातात असणार.

१३ वीस म्हणजे शॉकॲब्सॉर्बर न् दोन टायर तुमच्या खिशातून. ते वजा करून १२ साठ बोला, १२ ऐंशीला थांबा. टोकन चेकने द्या, २५ हजारांच्या वर नको, आणि पावतीवर लिहून घ्या: स्कॅनमध्ये किलोमीटर जुळले नाहीत किंवा चेनचा आवाज निघाला तर टोकन परत. डॉक्टर सही करायला तयार झाले तर बरंच झालं. कां कू करायला लागले तर नाशिकचं डिझेल वाचवा.